दोघीही बाजूला

हेमावतीचा हात मोडला तो पाण्याच्या दिवशी. हुबळीत तेव्हा नळाला पाणी सहाव्या दिवशी यायचं, आणि यायचं तेव्हा देशपांडे नगरातली डॉक्टर-वकील माणसंसुद्धा लुंग्या खोचून बादल्या घेऊन पळायची. त्या धांदलीत टाकीच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट गेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. तिच्या दुखण्याचं घरात कुणाला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याच्याही आधी प्रत्येकानं गुपचूप कॅलेंडर पाहिलं. पाच ऑगस्टला बाळाचार्यांच्या आईचं श्राद्ध होतं.

श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे उपाशीपोटी, ओलेत्यानं, मिरची वर्ज्य, मिक्सर वर्ज्य, चव बघणं तर सर्वस्वी वर्ज्य. गेली पंचवीस वर्षं तो हेमावतीनं एकहाती रेटला होता आणि सुना हाताखाली होत्या. आता तो दोन्ही सुनांवर आला. बाळाचार्यांनी चाळीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलं होतं, त्यामुळं घरातही ते वर्गपाठ दिल्यासारखंच बोलायचे.

"खीर, भाज्या, भात, सार, सगळं वेदश्री बघेल. वडे स्मृती."

थोरल्या वेदश्रीनं त्याच वेळी सांगून टाकलं. सहा वर्षं ती तात्पुरती शिक्षिका म्हणून राबत होती. दर मे महिन्यात काढायचे, दर जूनमध्ये परत घ्यायचे. धारवाडच्या एका हायस्कुलात गणिताची कायमची जागा निघाली होती आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

"मामा, पाचलाच माझी मुलाखत आहे. साडेदहाला."

"पाचला श्राद्ध आहे."

"तेच म्हणते मी. त्या दिवसापुरता कुणी सोवळ्यातला आचारी मिळाला तर…"

"आचारी? घरात दोन दोन सुना असताना माझ्या आईच्या श्राद्धाला भाड्याचा आचारी? मुलाखती काय, येतात नि जातात. आई एकदाच जाते."

"आणि दर वर्षी जेवायला येते," धाकटा श्रीनिधी पुटपुटला. त्याचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं, तोंड सतत चालू ठेवायची सवय होती.

वेदश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. श्रीहरी धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात तपासनीस होता. लोखंडाच्या तुकड्यात केसाएवढी चूक असली तर तो सुपरवायझरशीही भांडायचा. वडिलांपुढं मात्र त्याला नेहमी ताटातलं काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं. त्या दिवशी त्याला कोशिंबिरीत काहीतरी दिसलं.

मग वेदश्रीनं शास्त्राचाच आधार घेतला.

बाळाचार्यांच्या घरात महिन्याचे तीन दिवस बाईनं मागच्या खोलीत बाजूला बसायचं. कशाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, वाढतील ते वरून वाढतील. नोकरीवर जायला मात्र बंदी नव्हती, कारण त्या खोलीचं एक दार थेट मागच्या बोळात उघडायचं. आणि श्राद्धाच्या दिवशी तर अशा बाईला कर्त्यानं बघायचं नाही, तिचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही. ऐकला तर पुन्हा डोक्यावरून आंघोळ. म्हणजे पाच तारखेला बाजूला बसलेली बाई सासऱ्याच्या लेखी जगातच नसते. जगात नसलेल्या बाईनं धारवाडची बस पकडली तर शास्त्राचं काय बिघडतं?

चार तारखेलाच तिनं इस्त्रीची निळी साडी आणि सर्टिफिकिटांची फाईल मागच्या खोलीत रिकाम्या पोत्याखाली सरकवून ठेवली. पाचला पहाटे साडेपाचला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन तिनं हळूच सांगितलं, "अत्ते, मी बाजूला बसले."

आतून हेमावतीचं नुसतं "हं" आलं.

दहा मिनिटांनी बोळाचं दार ढकलून स्मृती आत आली. काखेत चटई, हातात पाण्याचा तांब्या.

"अय्य! अक्का, तू?"

"तू काय करायलीस इथं?"

"मी बाजूला." स्मृतीनं चटई टाकली आणि मग तिला हिशेब लागला. "आणि तू पण?"

वेदश्रीनं पोत्याकडं पाहिलं, स्मृतीनं वेदश्रीच्या नजरेकडं पाहिलं, आणि पोत्याखालून निळा काठ बाहेर आला होता.

"खोटं?" स्मृती कुजबुजली.

"तुझं?"

"माझं पण." स्मृती मटकन बसली. "गेल्या वर्षी श्राद्धाला बसलेले राघवेंद्राचार्य भर पंगतीत काय म्हणाले, आठवतंय की तुला? वडा हातात घेऊन म्हणाले, बाळाचार्य, हे श्रीहरीच्या कारखान्यातून आणले काय? सगळे हसले. हे पण हसले, माझाच नवरा. तेव्हाच ठरवलं, या घरात मी परत वडे तळणार नाही."

"अगं, वड्यांसाठी? माझी नोकरी जायला आलीय, आणि तू वड्यांसाठी?"

"मला काय ठाऊक तू पण बसणार म्हणून! मला वाटलं तू आहेस सांभाळायला." स्मृती रडकुंडीला आली. "तू असतेसच की अक्का नेहमी."

हे खरं होतं, आणि त्याचाच वेदश्रीला सगळ्यात जास्त राग आला. लग्नाला अकरा वर्षं झाली, ती नेहमी असायचीच. कुणाला ताप आला तर ती, पाणी आलं तर ती, पाहुणे आले तर ती.

"मी जाते परत आत," स्मृती म्हणाली. "सांगते, चुकून झालं."

"चुकून? ही गोष्ट चुकून होत नाही गं."

तेही खरं होतं. एकदा तोंडातून निघालं की चौथ्या दिवसाशिवाय आत जायची सोय नव्हती. दोघी आपापल्या चटईवर कान टवकारून बसल्या. वेदश्रीला वाटलं, संपलं. आता अत्ते येणार, दोघींतली एक खोटी हे ओळखणार, आणि कुठली खोटी ते साडी बघून कळायला फार अक्कल लागत नाही.

हेमावतीला ते कालच कळलं होतं. घरात बिब्बे शोधायच्या निमित्तानं ती मागच्या खोलीत गेली होती, आणि पोतं थोडं वर आलेलं दिसलं की तिच्यासारखी बाई ते उचलून बघतेच. शिवाय स्वयंपाकघराच्या दारामागं तिचं कॅलेंडर होतं. दुधाला टिंब, पाण्याच्या दिवसाला फुली, आणि सुनांसाठी बारीक उभी रेघ, थोरलीची निळी, धाकटीची लाल. बाळाचार्य पंचांगातली ग्रहणं सांगायचे, पण घर चालायचं ते या कॅलेंडरावर. निळी रेघ विसाच्या आसपास, लाल सत्तावीसच्या. पाच तारखेला दोन्हीकडं कुणाचंच काही नव्हतं.

थोरली जाणार हे तिनं मनात धरलं होतं. धाकटीकडून सगळं करून घेऊ, जमेल तसं, असा तिचा बेत होता. धाकटीही जाऊन बसेल हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं.

ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला.

"दोघी?" तिनं विचारलं.

स्मृतीनं चटईची काडी उपसायला घेतली.

खोटं उघडं पाडणं एका वाक्याचं काम होतं. विसाच्या आधी कसं गं, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. हेमावतीला ते वाक्य चांगलं ठाऊक होतं, कारण पस्तीस वर्षांपूर्वी ते तिनंच ऐकलं होतं. तिला धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं होतं, आणि तीही अशीच एका सणाच्या दिवशी बाजूला बसली होती. सासूनं बोटं मोजली आणि अंगणात, सासऱ्यांच्या, दिरांच्या, गड्यांच्या देखत तिची खरी तारीख जाहीर केली. त्या दिवशी हेमावतीनं मान खाली घालून पुरण वाटलं. पुन्हा कुठंही अर्ज केला नाही. आज त्याच सासूचं श्राद्ध होतं. पंचवीस वर्षं पानाला नमस्कार करताना हेमावती मनात एकच म्हणायची, जेवा आणि जा.

"धारवाडची गाडी नऊच्या आत धर," ती वेदश्रीकडं न बघता म्हणाली. "नंतरची वाटेत रायापूरला उभीच राहते. आणि स्मृती, तू मात्र तीन दिवस इथंच. टीव्ही नाही, मासिक नाही, बाहेर पाय नाही. बसलीस ना? आता बस."

मग ती पुढच्या अंगणात गेली. बाळाचार्य आंघोळ करून तुळशीपाशी उभे होते.

"दोघीही बाजूला आहेत."

"दोघीही?" बाळाचार्यांचा आचमनाचा हात तसाच राहिला. "एकदम?"

"मग? आळीपाळीनं व्हायला ते काय नळाचं पाणी आहे?"

"पण… तू जरा नीट चौकशी केलीस का? म्हणजे नक्की…"

"तुम्ही करा हवं तर."

बाळाचार्यांनी घसा साफ केला. चाळीस वर्षांत त्यांनी व्याकरणातली एकही शंका सोडली नव्हती; ही सोडून दिली.

"मग स्वयंपाक? राघवेंद्राचार्य अकराला येतील. दुसरे ब्राह्मण येतील. आईचं श्राद्ध मोडलं तर मी…" त्यांचा आवाज खरोखरच कापरा झाला, आणि हेमावतीला क्षणभर त्यांची दया आली. फार नाही.

"दोन मुलगे आहेत की. मुंजी झाल्यात दोघांच्या. सोवळ्यात चालतात. तुमच्या शास्त्राप्रमाणं आमच्यापेक्षा जास्तच चालतात."

साडेआठला श्रीहरी ओलं धोतर नेसून चुलीपुढं उभा होता. हेमावती उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून सांगत होती, कारण प्लास्टर सोवळ्यात चालत नाही. श्रीनिधी रगड्यावर उडदाची डाळ वाटत होता आणि दर दोन मिनिटांनी आयुष्याबद्दल मत देत होता.

"आई, या दगडाला मोटार लावायची असती तर ऋषींनी लावली नसती काय?"

"तोंडाऐवजी हात चालव."

"हात गेला माझा. अण्णा, तू ये की इकडं."

श्रीहरी ऐकत नव्हता. त्याला मनातून बरं वाटायला लागलं होतं, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं. भाज्या त्यानं एका मापानं चिरल्या. वड्याचं पीठ केळीच्या पानावर थापताना मधे भोक पाडलं, उजेडाकडं धरलं, आणि बाजूला ठेवलं.

"काय झालं त्याला?" हेमावतीनं विचारलं.

"एका बाजूनं जाड आहे. रिजेक्ट."

"अरे बाबा, तुझे रिजेक्ट खायला पितर येणार नाहीत. सोड तेलात."

तेल तापत आलं, श्रीहरीनं मान वर केली आणि खिडकीतून त्याला मागचा बोळ दिसला. बोळातून निळ्या साडीतली एक बाई छातीशी फाईल धरून भराभरा चालली होती. वेदश्री. तिची एक चप्पल चिखलात रुतली, तिनं ती उपटून काढली, साडीवर शिंतोडा उडाला का ते बघितलं, आणि पुन्हा चालू लागली.

श्रीहरीच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. बाजूला बसणं, मुलाखत, आईचा शांत चेहरा. आणि कोशिंबिरीत तोंड घालून बसलेला तो स्वतः. त्याला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. बायकोला एका दिवसाची मोकळीक हवी होती, आणि नवऱ्याला विचारण्यापेक्षा खोटं बोलणं तिला सोपं वाटलं होतं.

"कोण गेलं ते?" मागून बाळाचार्यांचा आवाज आला. दर्भ घेऊन ते स्वयंपाकघराच्या मधल्या दारात उभे होते आणि मान वाकडी करून खिडकीकडं बघत होते. "निळं लुगडं कुणाचं ते?"

हेमावती स्टुलावरून उठलीच. ती काही बोलायच्या आत श्रीहरी सरकला आणि झारा हातात घेऊन खिडकी अडवून उभा राहिला.

"अप्पा, बघू नका."

"का?"

"दिसायला नको ते दिसलं तर परत आंघोळ करावी लागेल. टाकीत पाणी नाही. पाणी परवा येणार."

"पण ते लुगडं…"

"अप्पा." श्रीहरीचा आवाज चढला नव्हता, पण तो कारखान्यातला आवाज होता, या घरात कुणी न ऐकलेला. "मागं कुणी नाही. शास्त्राप्रमाणं आज तिथं कुणी असू शकत नाही. तुम्हीच सांगितलंय की."

श्रीनिधीचा रगडा थांबला. बाळाचार्यांनी मोठ्या मुलाकडं पाहिलं, मग बायकोकडं. हेमावती गळ्यातल्या झोळीची गाठ नीट करत होती. खिडकीपलीकडं चपलांचा आवाज बोळाच्या टोकाला जाऊन नाहीसा झाला.

"तेल जळेल," बाळाचार्य म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

श्रीहरीनं पहिला वडा तेलात सोडला.

दुपारी पंगत बसली. तीळ, पाणी, मंत्र, सगळं रीतसर झालं. राघवेंद्राचार्यांनी खीर संपवली, पडवळ संपवलं, आणि गेल्या वर्षीचा अनुभव लक्षात ठेवून वड्याला सावधपणे बोट लावलं. मग एक खाल्ला. मग काही न बोलता आणखी तीन खाल्ले.

"बाळाचार्य, धाकट्या सुनेचा हात बसला हो या वर्षी."

"कारखान्याचा माल आहे, आचार्य," श्रीनिधी वाढता वाढता म्हणाला. "बेलूरचा. तपासून पाठवलाय."

मागच्या खोलीत स्मृतीनं तोंडात पदर कोंबला. बाळाचार्यांचा चेहरा पंगतभर दगडासारखा होता. पण सगळं आटोपल्यावर ते स्वतः जेवायला बसले, त्यांनी दुसरा वडा मागून घेतला आणि हळूच म्हणाले, "तसं पाहिलं तर पितृकार्यात पुरुषानं केलेला पाक श्रेष्ठच."

"ठरलं मग," हेमावती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून तसंच."

बाळाचार्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण तोंडात वडा होता.

वेदश्री चारला परत आली, बोळातूनच. साडीवर चिखलाचा एक ठिपका होता. स्मृती झोपल्याचं सोंग टाकून ताडकन उठली.

"काय झालं?"

वेदश्रीनं आधी फाईल परत पोत्याखाली सरकवली. "सोमवारी रुजू व्हा म्हणाले. कायम." मग ती चटईवर बसली आणि पाय पोटाशी घेऊन रडली, आवाज न करता, कारण आज तिचा आवाज घरात ऐकू जायचा नव्हता. स्मृतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दर दोन हात फिरवल्यावर म्हणाली, "आणि मी तीन दिवस इथं कोंडलेली. टीव्ही नाही काही नाही. वड्यांसाठी."

दार वाजलं. हेमावती डाव्या हातात पान घेऊन आली. पानावर भात, खीर, दोन लाडू, चार वडे. तिनं पान खाली ठेवलं. मग एक लाडू उचलला. या खोलीत तो वरून टाकायची रीत होती. तिनं तो टाकला नाही, वेदश्रीच्या तळहातावर ठेवला, आणि आपली बोटं थोडा वेळ तिथंच राहू दिली.

"मिळाली?"

वेदश्रीनं मान हलवली.

"तुझ्या नवऱ्यानं वडे केलेत. बघ खाऊन. आणि त्याच्याशी आज रागानं बोलू नकोस. उद्या बोल." हेमावती जायला वळली, आणि दारात थांबली. "वीस तारखेला वरमहालक्ष्मीचं व्रत आहे. यंदा पूजेला तू बसायचीस. पुरण पण तूच घालायचं."

वेदश्रीचा चेहरा उतरला. दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा बाजूला बसायचं म्हणजे आजचं सगळं उघडं पडणार. "अत्ते, वीसला… वीसला माझी खरंच…"

"माहीत आहे."

"मग पूजेला कशी बसू? घरात कळलं तर?"

"कुणाला कळेल? या घरात मोजणारी, रेघा मारणारी मी एकटी." हेमावतीनं गळ्यातला पांढरा हात थोडा उचलून दाखवला. "आणि माझा हात मोडलाय."